लेव्हल २८ ला मार्गिटपाशी अडकलास तर

मालवणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: एल्डन रिंग हा गेम पीसीवर, व्हॅगाबाँड हा योद्ध्याचा क्लास, लेव्हल २८. हातात क्लेमोर तलवार, अपग्रेड +१, अंगावर जड चिलखत, आणि मार्गिट या बॉसने हातोडा काढला की दोन फटक्यांत खेळ खल्लास. अजून किती लेव्हल वाढवू? आणि मध्येच लाईट गेली तर सेव्हचं काय?

मार्गिटसाठी २८ लेव्हल भरपूर झाली. घोळ पॉइंटांचा आहे. व्हॅगाबाँड ९ पासून सुरू होतो, म्हणजे तुला १९ पॉइंट मिळाले. त्यातले सात इंटेलिजन्सला, सात फेथला, आणि जादू तर एकही वापरत नाहीस! १४ पॉइंट पाण्यात. व्हिगर, म्हणजे जीव वाढवणारा स्टॅट, अजून सुरुवातीचाच १५, म्हणजे एचपी (जीव) ५२२. २५ व्हिगरला तो ८०० होतो, ४० ला १४५०. चाळीसनंतर वाढ मंदावते, साठनंतर नावालाच. पुढचे पॉइंट डोळे मिटून व्हिगरला टाक. नवीन गेम सुरू करायच्या भानगडीत पडू नकोस. पुढे रेनाला या बॉसला हरवलंस की तिला लार्व्हल टिअर नावाची वस्तू देऊन सगळे पॉइंट पुन्हा वाटता येतात.

पण त्याआधी तलवार. नवीन पोरं इथेच फसतात, कारण बाकी बऱ्याच आरपीजीत लेव्हल म्हणजेच ताकद. इथे सुरुवातीचं डॅमेज मुख्यतः हत्याराच्या अपग्रेडमधून येतं. क्लेमोरचा मूळ अटॅक १३८, तोच +२५ ला ३३८, आणि हे तुझ्या स्टॅट्सना हात न लावता. वर स्केलिंगचा, म्हणजे स्टॅट्समुळे मिळणाऱ्या जादा डॅमेजचा, वाटाही अपग्रेडबरोबर वाढतो, म्हणून +१ च्या तलवारीवर स्ट्रेंग्थचा एकेक पॉइंट घालून हाती फारसं काही लागत नाही. +२ ला चार आणि +३ ला सहा असे पहिल्या नंबरचे दहा स्मिदिंग स्टोन (अपग्रेडचे दगड) तुला हवेत. अघील तळ्याच्या उत्तरेला लिमग्रेव्ह टनेल्स आहे, तिथल्या भिंतींवर चमकणारे दगड वेच. +३ पर्यंत एलेहच्या चर्चमधल्या ऐरणीवर काम होतं, पुढे राउंडटेबल होल्डमधल्या ह्यूग लोहाराकडे जावं लागतं आणि दगडही दोन नंबरचे लागतात. तलवार दोन्ही हातांनी धर. तेव्हा स्ट्रेंग्थ दीडपट मोजली जाते, तुझी १८ ची २७.

चिलखताचं वजन स्टेटस स्क्रीनवर बघ. इक्विप लोड, म्हणजे अंगावरच्या सामानाचा भार, ७० टक्क्यांवर गेला की रोल (फटका चुकवायची कोलांटी) लोळत पडल्यासारखा होतो आणि उठेपर्यंत पुढचा फटका बसतो. शिरस्त्राण आणि हातमोजे काढ, लोड सत्तरच्या खाली आण. त्या दोन पत्र्यांनी फार काही वाचत नाही.

आता रोलचं टायमिंग. पीसीवर कंट्रोलर असो वा कीबोर्ड, रोल बटण दाबल्यावर नाही, सोडल्यावर होतो, कारण तेच बटण धरून ठेवलं की धावणं. घाबरून बटण दाबून धरलंस की रोल उशिराच होणार. टिचकी मार, सोड. मार्गिट काठी उचलून मुद्दाम थांबतो, त्या थांबण्यावर रोल करू नकोस. हात खाली यायला लागला की त्याच्याच अंगाकडे रोल कर. आणि समोर उभं राहून जीव भरणारा फ्लास्क पिऊ नकोस, तोंडाला लावलास की खंजीर येतोच. मर्कवॉटर केव्हमधला पॅचेस नावाचा विक्रेता ५००० रून्सला (गेममधलं चलन) मार्गिटची बेडी विकतो, ती त्याला क्षणभर जखडते. ती फक्त लढाईच्या पहिल्या फेजमध्ये आणि दोनदाच चालते. काही जण याला चीटिंग म्हणतात, मी म्हणत नाही. गेमनेच ठेवलीय.

तरी जमेना तर दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला हा भाग फिरून, ताकद वाढवून ये. स्कायरिम या गेममध्ये बरेच शत्रू तुझ्या लेव्हलबरोबर वाढतात, इथे मार्गिट आहे तेवढाच राहतो. ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते.

लाईटीचं: गेम सतत आपोआप सेव्ह होतो, हाताने सेव्ह करायची सोय नाही. नेमकं लिहिताना लाईट गेली तर फाइल बिघडू शकते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाईटीचा काय भरवसा. क्विट गेम करून बाहेर ये, मग यूजर फोल्डरमधल्या ॲपडेटा, त्यातल्या रोमिंगमधलं एल्डनरिंग फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी कर. घरच्या इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेव. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला त्याला जो क्षण लागतो, तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो.