कुस्तीत गुडघ्याची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) खराब झाली, ती पुन्हा तयार होते का?
तुमचा भाऊ २४ वर्षांचा, कोल्हापुरात लाल मातीत लढणारा, एमआरआयमध्ये कूर्चेला खड्डा दिसलाय आणि पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं) इंजेक्शन सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंय. पीआरपीनं दुखणं काही महिने कमी होऊ शकतं, पण खड्डा भरून येईल अशी आशा धरू नका. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून ती आपसूक नीट भरत नाही.

पेशी वाढवून बसवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मात्र जरूर विचारा. गुडघ्यातूनच कूर्चेचा छोटा तुकडा काढतात, प्रयोगशाळेत काही आठवडे पेशी वाढवतात, मग खड्ड्यात बसवतात. स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ साली याचे निकाल मांडले होते. अख्खा सांधा झिजलेल्या वयस्कांना ती सहसा लागू पडत नाही; भावाचं वय ही जमेची बाजू. लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) फाटलंय का, हे आधी बघून घ्या, नाहीतर नवी कूर्चाही टिकत नाही. तोवर बैठका बंद, कितीही जीव तुटला तरी.