इम्प्लांटनंतर किती दुखतं? माझ्या तीन दाढांचा हिशेब

तुमच्या आईंना (वय ६३, मधुमेह) खालच्या दोन दाढांचे इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दाढ) करायचेत, आणि मावशींनी "महिनाभर हाल होतात" म्हणून त्यांना घाबरवलंय. खरंच किती दुखतं आणि जेवण कधी सुरू होतं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण माझे तीन झालेत, खाली दोन आणि वर एक. त्या खुर्चीत बसून बसून जे कळलं ते सांगतो.

मला तरी इम्प्लांटपेक्षा दाढ काढणं जड गेलं होतं. सुजलेली दाढ उपटताना ठणका आधीपासूनच असतो, आणि पू झालेल्या जागी भूलही धड चढत नाही. इम्प्लांट बहुतेक वेळा बसवतात ते भरून आलेल्या जागेत. हिरडीला छोटा छेद, मग हाडात आधी बारीक आणि नंतर जाड जाड ड्रिल, वरून सतत सलाइनची धार. ही धार हाड तापू नये म्हणून असते. ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी हाडाला इजा होते आणि मग स्क्रू धरत नाही.

भुलेचं इंजेक्शन मात्र टोचतं. खालच्या जबड्यासाठी ते पार मागे, खोल देतात. त्यानंतर दुखणं संपतं आणि उरतो तो आवाज आणि दाब. टायटॅनियमचा स्क्रू शेवटी पान्याने पिळतात तेव्हा कट्-कट् असा आवाज थेट कवटीत ऐकू येतो, आणि आख्खा जबडा कुणीतरी खाली रेटतंय असं वाटतं. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी खुर्चीचे हात आवळून बसलो होतो, कपाळाला घाम, आणि दुखत तर काहीच नव्हतं! आईंना हे जाण्याआधी नक्की सांगून ठेवा.

भूल दोन-चार तासांत उतरते. दुखण्याची पहिली गोळी ती उतरायच्या आत पोटात गेलेली बरी, ठणका सुरू झाल्यावर घेतली की तासभर तळमळत बसावं लागतं. गोळी कोणती ते मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या. मधुमेहाबरोबर बीपी किंवा किडनीचं काही असेल तर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. बर्फ पहिल्या दिवशीच, गालावर बाहेरून, पंधरा-वीस मिनिटं लावायचा आणि मग तेवढाच वेळ थांबायचं. पहिले २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, कारण जखमेवर धरलेली रक्ताची गाठ त्याने सुटते. लाळ गुलाबी दिसते, ती बघून घाबरू नका.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. तिसऱ्या सकाळी बायकोने मला विचारलं, "गालात लाडू लपवलायत का?" चौथ्या दिवशी मी रात्रीची एकच गोळी घेतली, पाचव्या दिवशी तीही नाही. आठव्या दिवशी टाके काढले.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी ताक आणि गार केलेली नाचणीची आंबील, मग मऊ भात-वरण, केळं, दुधात कुस्करलेली पोळी. सहाव्या दिवशी हौसेने पोहे खाल्ले. पोहे मऊच होते, पण फोडणीतली एक मोहरी टाक्याखाली जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत जीव खाल्ला तिने. तीळ, खसखस, मोहरी यांना टाके निघेपर्यंत घरात थारा देऊ नका.

पण मावशींनी ज्याची भीती घालायला हवी होती, ते पुढेच आहे. दुखणं थांबतं तेव्हा हाड भरलेलं नसतं. सुरुवातीला स्क्रू नुसता घट्ट पिळल्यामुळे टिकून असतो. मग आजूबाजूचं जुनं हाड थोडं झिजतं आणि नवीन अजून पुरतं आलेलं नसतं, त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यात कमी असते. आणि नेमकं तेव्हाच आपल्याला एकदम ठणठणीत वाटत असतं. माझी दिवाळी अठराव्या दिवशी आली. चकली, तीही त्याच बाजूने! स्क्रूच्या तोंडावर बसवलेली, हिरडीबाहेर दिसणारी छोटी कॅप ढिली झाली. निभावलं ते कॅपवरच, आतला स्क्रू हलला नव्हता, पण डॉक्टरांनी मला शाळकरी पोरासारखं झापलं. खालच्या जबड्याला तीन-चार महिने, वरच्याला चार-सहा महिने, हा काळ हाडाला द्यायलाच लागतो. हाड टायटॅनियमला असं चिकटतं हे सापडलं तेही योगायोगानेच. स्वीडनचे ब्रोनेमार्क सशांच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते आणि बसवलेली टायटॅनियमची नळी नंतर निघेचना. माणसात पहिले इम्प्लांट त्यांनी १९६५ मध्ये बसवले.

माझ्या वरच्या दाढेला सायनस लिफ्ट करावी लागली होती, म्हणजे वरच्या दाढांवरच्या पोकळीचा (सायनसचा) तळ उचलून तिथे हाड वाढवणं. त्यात सूज जास्त आली, डोळ्याखाली काळंनिळं झालं, नाक शिंकरायला बंदी, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. मावशींचं असलं काही झालं असेल तर त्यांचे हाल खरे असणार. पण आईंच्या खालच्या दाढांचा त्याच्याशी संबंध नाही.

मधुमेहाचं आधी बघा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) आटोक्यात नसेल तर चांगला डॉक्टर स्वतःच थांबायला सांगतो. त्या दिवशी उपाशी जायचं की खाऊन, आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन किती, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. भूल उतरेपर्यंत नीट खाता येत नाही आणि साखर एकदम खाली येऊ शकते. हाडं ठिसूळ झाली म्हणून आईंना आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, जबड्याच्या हाडासाठी ते फार महत्त्वाचं आहे. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि मिश्री लावत असतील तर लाज न बाळगता सांगा, तंबाखूने इम्प्लांट सुटतात.

चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दुखणं उतरायच्या ऐवजी चढायला लागलं, पू किंवा ताप आला, तर वाट बघू नका. दुसऱ्या सकाळीही ओठ-हनुवटी बधिर असेल तर त्याच दिवशी फोन करा, स्क्रू नसेवर दाबत असू शकतो.

शेवटी स्क्रूवर दाढ बसली की काही दिवस ती परकी वाटेल. खऱ्या दाताच्या मुळाभोवती जी संवेदना असते ती इथे नसते, त्यामुळे आपण किती जोरात चावतोय याचा नीट अंदाज येत नाही. भातात खडा आला तर तो चावून झाल्यावर आवाजाने कळतो. मी तर हल्ली तांदूळ स्वतः निवडतो, चष्मा लावून.