प्रार्थनेच्या वेळी लोकांच्या हाताला काही काम दिलं तर चालतं का?

तुम्ही विचारलंय, चर्चच्या उपासनेत मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या, प्रार्थनेला हाताने काही करायला दिलं तर प्रार्थना खोल होते की पोरखेळ होतो. ‘पोरखेळ’ हाच शब्द आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार पाहणाऱ्या एका पंचांनी वापरला होता, म्हणून लिहायला बसले.

मी सोलापूरची. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. ईस्टरआधीच्या एका उपवासकाळात मी लाकडी चौकटीला उभ्या धाग्यांचा ताणा लावून ती चर्चमध्ये ठेवली, शेजारी टॉवेलच्या कातरलेल्या कडांचं पोतं. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याच्या नावाने एक पट्टी ताण्यातून ओवायची, बस. बोलायची सक्ती नाही. आधी सगळे अवघडून बसले. मग मागच्या बाकावरची एक आजी उठली. विड्या वळून बोटं वाकडी झालेली, प्रार्थनेत तिचा आवाज आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता. तीन पट्ट्या भराभर ओवल्या. चौथी दोनदा काढली, पुन्हा घातली. मग घर सोडून गेलेल्या धाकट्याचं नाव मोठ्याने घेतलं. बास, तेवढंच. मंडळी ‘आमेन’ म्हणाली.

पुढच्या रविवारी चौकट जिन्याखालच्या खोलीत, सतरंज्यांमागे. पंच म्हणाले, ‘वेदीपुढं चिंध्या शोभत नाहीत.’

अहो, बायबलात गणना 15 मध्ये वस्त्राच्या टोकांना गोंडे लावून त्यात निळा दोरा घालायला सांगितलंय, आज्ञा आठवाव्यात म्हणून. यहोशवा 4 मध्ये यार्देन नदीतून बारा धोंडे खांद्यावर वाहून आणायला लावले. तोही पोरखेळच का? आणि गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, पाय धुताना घंगाळं कोण धरतं? हेच पंच! कवी ना. वा. टिळकांनी (1861–1919) भजन-कीर्तनाच्या वळणाची ख्रिस्ती पदं रचली, आज तीच आपण डोळे मिटून गातो.

तर कराच. एका उपासनेत एकच गोष्ट, पाच-सात मिनिटं. दगड, सूत, कणीक, काहीही चालेल, पण त्या दिवशीच्या वचनाशी तिचं नातं हवं. मागे गाणं लावू नका. ज्याला बसून राहायचंय त्याला बसू द्या.

चिठ्ठ्यांवर नावं मात्र लिहून घेऊ नका. आमच्याकडे एकीच्या आजारपणाची चिठ्ठी दुपारपर्यंत गल्लीभर झाली. प्रभुभोजनाच्या रविवारीही नको, तेव्हा हातात भाकर असतेच. ही शेवटची गोष्ट पंचच म्हणाले होते आणि तेवढं त्यांचं बरोबर होतं.

चौकट अजून त्याच खोलीत आहे. किल्ली पंचांकडे.