पीकच्या डावीकडे बघ

पुणे, रविवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

मिथेनॉलपासून थेट वीज काढणाऱ्या फ्युएल सेलसाठी तू केलेल्या कॅटॅलिस्टचा, म्हणजे प्रक्रियेला वेग देणाऱ्या पावडरीचा, आलेख (व्होल्टेज चढवत-उतरवत मोजलेला प्रवाह) कालपासून तीनदा उघडून बघितला. प्लॅटिनम-रुथेनियमचं पीक, म्हणजे आलेखातलं शिखर, बाजारातल्या कॅटॅलिस्टच्या तिप्पट उंच आलं आणि रात्रभर झोप लागली नाही, असं लिहिलंस. तो आनंद मी ओळखते. तरी पेपर लिहायला घेण्याआधी एक कर. पीकवरून डावीकडे खाली उतर, ०.४ ते ०.५ व्होल्टच्या पट्ट्यात ये, आणि तिथे दोन रेषांमध्ये किती अंतर उरतं ते मोज.

मिथेनॉलच्या फ्युएल सेलचं सैद्धांतिक व्होल्टेज १.२१. पण लोड दिल्यावर कॅथोड, म्हणजे ऑक्सिजन घेणारं टोक, जेमतेम ०.८ व्होल्टच्या आसपास असतो, कारण त्याची स्वतःची प्रक्रिया संथ आणि त्यात दोन टोकांमधल्या पडद्यातून झिरपून आलेलं मिथेनॉल त्याला आणखी खाली ओढतं. तुझं पीक आलंय ०.८५ व्होल्टला. ॲनोड, म्हणजे मिथेनॉल जाळणारं टोक, तिथे चालवायचा म्हटला, तर सेलमधून वीज निघणार नाहीच, उलट बाहेरून द्यावी लागेल. ॲनोडचा सगळा संसार पायथ्याशी चालतो. तिथे तुझ्या आणि बाजारातल्या कॅटॅलिस्टच्या रेषा मला एकमेकींवर पडलेल्या दिसतात.

आता जरा कठोर बोलते. मला तो आलेख रुथेनियमचा वाटतच नाही. चांगल्या प्लॅटिनम-रुथेनियमचा प्रवाह लवकर सुरू होतो, आणि व्होल्टेज उतरवतानाच्या, म्हणजे परतीच्या फेरीतलं पीक बहुतेक वेळा बारीक असतं. तुझ्याकडे दोन्ही पीकं ठसठशीत आहेत, अगदी नुसत्या प्लॅटिनमसारखी. सुरुवातीला पृष्ठभाग 'ॲक्टिव्हेट' करायला पन्नास फेऱ्या दिल्यास ना? वरची मर्यादा १.२ व्होल्ट ठेवली असशील, तर आम्लात रुथेनियम तिथेच विरघळून गेलं असणार. ०.८ च्या वर फार जाऊ नकोस. आणि फेऱ्यांनंतरचं द्रावण टाकू नकोस, आयसीपीला, म्हणजे द्रावणातले धातू मोजणाऱ्या यंत्राला, दे. त्यात रुथेनियम सापडलं तर माझा अंदाज खरा.

१९७५ मध्ये वातानाबे आणि मोतो या जपानी शास्त्रज्ञांनी मांडलेली कल्पना तू पाठ केली असशील. पण पाठ करणं वेगळं, ती डोळ्यांपुढे उभी राहणं वेगळं. हायड्रोजनच्या रेणूतून दोन इलेक्ट्रॉन काढायचे असतात, मिथेनॉलमधून सहा, आणि त्या वाटेवर कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला चिकटून बसतो. त्याला हलवायला पाण्यातून आलेला ऑक्सिजन लागतो. प्लॅटिनम एकटं ते पाणी फार वरच्या व्होल्टेजला फोडतं, रुथेनियम बरंच खाली फोडतं आणि शेजारच्या प्लॅटिनमवरच्या कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन देतं. सगळा खेळ शेजाराचा आहे. दोन धातू एकाच कणात असले पण वेगवेगळे गठ्ठे करून बसले, तर उपयोग फार थोडा. तुझा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघणं) नुसत्या प्लॅटिनमच्या ३९.८ अंशांवरून उजवीकडे सरकलाय हे चांगलं आहे, पण तो कणाच्या पोटातलं सांगतो. वरच्या थराचं सांगत नाही, आणि अस्फटिक रुथेनियम ऑक्साइड तर त्याला दिसतच नाही. तीन नॅनोमीटरच्या कणात जवळपास तिसरा हिस्सा अणू पृष्ठभागावर असतात, तुझं काम तिथे आहे. एक्सपीएस, म्हणजे वरच्या थराची क्ष-किरण तपासणी, केल्याशिवाय 'मिश्रधातू' हा शब्द लिहू नकोस.

जाणाऱ्या आणि परतीच्या पीकचं गुणोत्तरही तू काढलंयस, आणि ते मोठं आलं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड सोसण्याची ताकद जास्त, असं लिहिलंयस. माझ्या एका पेपरमध्ये हेच वाक्य आहे. तेव्हा सगळेच तसं लिहीत. पुढे, २०१२ च्या सुमारास, परतीच्या पीकमध्येही ताजं मिथेनॉलच जळत असतं, हे नीट दाखवलं गेलं. ते वाचलं त्या संध्याकाळी मी बराच वेळ नुसती बसून होते. विद्यार्थ्यांनी माझा हवाला देऊन तेच पुढे नेलं होतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तू ते वाक्य काढ. सोसण्याची ताकद दाखवायची तर कार्बन मोनॉक्साइड चिकटवून स्ट्रिपिंग कर, म्हणजे तो जाळून काढ आणि किती व्होल्टला निघतो ते बघ. पृष्ठभागही त्यावरूनच मोज, चौरस सेंटिमीटरला ४२० मायक्रोकूलॉम विद्युतभार धरून. हायड्रोजन चिकटवून मोजायच्या २१० च्या आकड्यावर रुथेनियम असताना विसंबता येत नाही. आणि प्रवाहाला नुसत्या प्लॅटिनमच्या वजनाने भागलंयस, तर शेजारच्या रकान्यात दोन्ही धातूंच्या वजनाने भागलेला आकडाही दे. रुथेनियम फुकट मिळत नाही.

स्वच्छतेचं लिहायलाच हवं. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स, म्हणजे व्होल्टेज ज्याच्याशी ताडायचं तो इलेक्ट्रोड, थेट मोजणीच्या सेलमध्ये बुडवतेस का? त्यातून क्लोराइड झिरपतं आणि प्लॅटिनमवर बसतं. आमच्याकडे एकदा दोन महिन्यांचे आकडे असे वाया गेले. मर्क्युरी सल्फेटचा घे. काचेची भांडी शुद्ध पाण्यात उकळ, एकदा नाही, चार-पाच वेळा. आणि हे विसरू नकोस: इंक, म्हणजे इलेक्ट्रोडवर थेंबाने लावायचं पावडरीचं मिश्रण, करताना कोरड्या पावडरीवर आधी पाणी घाल, आयसोप्रोपेनॉल नंतर. कोरडं प्लॅटिनम आणि अल्कोहोलची वाफ एकत्र आली की ठिणगीशिवाय पेट घेतं. पावसाळ्यात थेंब वाळायला वेळ लागतो, कडेला कडं धरतं. घाई करून दिव्याखाली ठेवू नकोस, दुसरा थेंब टाक.

पुण्यात २०२२ मध्ये हायड्रोजनवरची बस लोकांसमोर आली, मग मिथेनॉलवर आयुष्य का घालवायचं, असं विचारलंस. एक लिटर मिथेनॉलमध्ये सुमारे ९९ ग्रॅम हायड्रोजन असतो, एक लिटर द्रवरूप हायड्रोजनमध्ये ७१. आणि मिथेनॉल साध्या कॅनमधून नेता येतं. बस हायड्रोजनवर चालू दे. जिथे सिलिंडर पोचत नाही आणि बॅटरी पुरत नाही, तिथल्या छोट्या यंत्रांसाठी हे काम आहे. मला ते अजूनही मोलाचं वाटतं.

एक मात्र मनात धर. तुझ्या ५ मिलीमीटरच्या इलेक्ट्रोडवर काही मायक्रोग्रॅम धातू आहे. खऱ्या ॲनोडवर चौरस सेंटिमीटरला काही मिलिग्रॅम असतो, तिथे थर जाड होतो आणि मिथेनॉल आत पोचणं हाच वेगळा प्रश्न होतो.

या आठवड्यात नवा बॅच करू नकोस. आहे त्याच पावडरीचे तीन इलेक्ट्रोड कर, वरची मर्यादा ०.८ ठेव, आणि ०.४५ व्होल्टला दोन तास धरून प्रवाह कसा उतरतो ते बघ. पुढच्या रविवारी सकाळी पाषाणला घरी ये. लॅपटॉप नको, वही आण. फसलेले इलेक्ट्रोडही त्यात लिहिलेले असू देत.

तुझी,
मॅडम