रिले संपली की लगेच निघू नकोस

अरे बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पोहण्याच्या रिलेत शेवटच्या टप्प्याला तू होतास, समोरच्या कॉलेजचा पोरगा वीतभर आधी भिंतीला टेकला आणि तेव्हापासून तुला झोप नाही. साहजिक आहे. दोन कॉलेजं वर्षभर एकमेकांना पाण्यात बघतात आणि सगळा हिशोब शेवटच्या पन्नास मीटरमध्ये होतो, तिथे हरलं की लागतंच. मला ही ईर्षा आवडते, तिच्यामुळेच पोरं थंडीत पहाटे पाचला पाण्यात उतरतात.

पण एक गोष्ट मनाला लागली ती सांगतो. रिले झाली आणि दोन्ही कॉलेजची पोरं बॅगा उचलून निघून गेली, गॅलरी रिकामी, डायव्हिंग आणि वॉटर पोलोची, म्हणजे पाण्यात बॉलने गोल करायच्या खेळाची, फायनल बघायला उरले ते खेळणाऱ्यांचे आईबाबा. तीन मीटरच्या बोर्डवर तुझ्याच कॉलेजची मुलगी पाण्याकडे पाठ करून उभी होती, नुसत्या बोटांवर, टाचा हवेत, आणि टाळी वाजवायला तुमच्यातलं कोणी नाही. अरे, विहिरीत सूर मारणाऱ्या पोराला पण गावात जास्त माणसं बघतात. अमेरिकेत कॉलेजच्या चॅम्पियनशिपला डायव्हिंगचे पॉइंट स्विमिंगच्याच टीमच्या खात्यात जमा होतात, म्हणजे तिथे टायटल जिंकायचं तर डायव्हर पण आपलाच असावा लागतो.

आणि पोलो. मी थर्ड इयरला असताना माझं टायमिंग सहा महिने एका जागी अडकलं होतं, तेव्हा सरांनी पोलोत उतरवलं. मला वाटलं आपण पट्टीचे पोहणारे, आपल्याला काय अवघड, पण दोन्ही हात वर करून अर्धा मिनिट सुद्धा तरंगता येईना. तळाला पाय टेकवायचा नाही, बॉल एकाच हाताने धरायचा, दोन्ही हातांची मुभा फक्त गोलकीपरला, आणि आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर. सगळा खेळ पायावर, त्याला एग बीटर म्हणतात, खुर्चीत बसल्यासारखं बसायचं आणि दोन्ही पाय आळीपाळीने आतल्या बाजूला गोल फिरवत राहायचं, रवी फिरते ना तसं. मॅचच्या आधी रेफरी प्रत्येकाची नखं तपासतात, कारण पाण्याखाली ओढाओढी चालते. कानाला मार लागू नये म्हणून टोपीला कानांवर प्लास्टिकच्या वाट्या असतात. दोन महिन्यांत माझ्या पायात जी ताकद आली ती नुसत्या लॅप्सनी कधीच आली नव्हती.

सचिन नाग हे नाव लक्षात ठेव. १९५१ च्या दिल्लीच्या पहिल्या एशियन गेम्समध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड त्यांचं, आणि त्याच गेम्समध्ये भारताने वॉटर पोलोचं पण गोल्ड जिंकलं. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते १०० मीटर पोहले आणि पोलो पण खेळले. म्हणजे देशातला सगळ्यात फास्ट माणूस पोलोला कमी लेखत नव्हता. पुढे १९७० ला एशियन गेम्समध्ये पोलोचं सिल्व्हर, १९८२ ला ब्राँझ, आणि आज आपल्या किती पोरांना हे माहीत आहे सांग, मला खरंच वाईट वाटतं.

फ्रीस्टाइल सोड असं मी म्हणत नाहीये, पुढच्या वर्षी ती रिले तूच खेचून आणायची आहेस. पण बुधवारी संध्याकाळी पोलोची प्रॅक्टिस असते, गोलकीपरला रोज शॉट मारायला कोणीतरी हवंच असतं. सहाला टँकवर ये, नखं कापून ये, आणि रिलेतला तो समोरच्या कॉलेजचा पोरगा येत असेल तर त्यालाही घेऊन ये.

तुझा,
दादा