टॉर्च नंतर, हाक आधी

अनेक आशीर्वाद.

प्रात्यक्षिकाला मज्जासंस्था आली की हात कापतात, मेंदूतून निघणाऱ्या बाराच्या बारा क्रेनियल नर्व्हज घोकूनही ऐन वेळी पाचवी कुठली नि सातवी कुठली याचा गोंधळ होतो, असं लिहिलंस. होऊ दे. क्रमाला आम्ही परीक्षक थोडे मार्क देतो खरे, पण वॉर्डातला पेशंट काही क्रम विचारत नाही.

तू पडदा सारतेस तिथूनच तपासणी सुरू होते. चाहूल लागताच पेशंटनं डोळे उघडले, की नावानं हाक मारावी लागली, की चिमटा काढावा लागला? जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, शुद्ध किती आहे ते गुणांत मोजायची पद्धत; तिच्यातले डोळ्यांचे गुण तिथेच ठरतात. टीसडेल आणि जेनेट या ग्लासगोच्या दोघांनी 1974 साली ही मोजणी मांडली. डोळे 4, बोलणं 5, हालचाल 6. कमीत कमी बेरीज 3, शून्य कधीच नाही (तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात).

मात्र नुसती बेरीज लिहून मोकळी होऊ नकोस. समज, दोन पेशंट आहेत, दोघांचाही आकडा 11. एकाचे डोळे उघडे आहेत, सांगितलेलं सगळं करतो, पण पक्षाघातानं वाचा पूर्ण गेली आहे: 4, 1, 6. दुसरा हाकेला डोळे उघडतो, असंबद्ध शब्द बोलतो, दुखवलं तर हात नुसता मागे ओढतो: 3, 3 आणि 4, म्हणजे 10 झाले! बघ, लिहितालिहिता माझीच बेरीज चुकत होती. त्याचा हात दुखणाऱ्या जागेपर्यंत पोचला तरच हालचालीचे 5 आणि मग 11. म्हणून तिन्ही आकडे वेगळे लिही. डोळे सुजून मिटले असतील किंवा घशात नळी असेल तर तिथे 1 टाकू नकोस, 'तपासता येत नाही' असं कारणासकट लिही.

एक रात्रपाळी मी विसरलेले नाही. डोक्याला मार लागलेला तरुण पेशंट, दोनच्या फेरीला घोरत होता. बिचाऱ्याला आत्ताच डोळा लागलाय म्हणून मी चार्टवर 'झोपले आहेत' लिहून पुढे गेले. चारला हाक मारली, खांद्याचा स्नायू चिमटीत धरून दाबला, तरी डोळे उघडेनात. उजवी बाहुली मोठी, टॉर्च मारला तरी ढिम्म. ऑपरेशन झालं, वाचला तो. पण डोक्यात दाब वाढून तिसरी नर्व्ह चेपली जाते तेव्हा बाहुली फाकते आणि शुद्ध बहुतेक वेळा त्याआधीच उतरू लागलेली असते. दोन वाजता उठवलं असतं तर कदाचित तेव्हाच कळलं असतं. उठवल्याबद्दल पेशंट चिडला, शिव्या दिल्या, तर खूश हो; पण बोलण्याचे पूर्ण गुण नुसत्या शिव्यांना नाहीत, स्वतःचं नाव, जागा, महिना नीट सांगितला तरच.

बाहुली बघताना उजेड कमी कर, टॉर्च बाजूनं आण आणि दुसऱ्या डोळ्याकडेही लक्ष ठेव, तीही आकुंचन पावायला हवी. काही निरोगी माणसांच्या दोन बाहुल्यांत 1 मिलीमीटरपर्यंत फरक मुळातच असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, डोळ्यांत थेंब घातलेत का, हे नातेवाइकांना विचार.

'माझी बोटं दाबा' म्हटल्यावर दाबली म्हणून लगेच हालचालीचे 6 देऊ नकोस. बेशुद्धीतही तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप वळू शकते. 'आता सोडा' म्हण, सोडली तर खरं. शुद्धीवरच्या पेशंटला डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लाव, तळवे वर, दहा सेकंद. अशक्त हात आधी हळूच आत वळतो, मग खाली येतो. ताकदीत बारीकसा फरक असेल तर तोही इथे उघडा पडतो.

रिफ्लेक्सेस, संवेदना तुला येतात. उजवी किंवा डावी, कुठलीही बाजू एकटी तपासू नकोस, एवढंच. आणि शुद्ध हरपलेली दिसली की ग्लुकोमीटर आधी. साखर उतरलेला पेशंट हुबेहूब पक्षाघातासारखा दिसू शकतो.

ड्युटी बदलताना जाणाऱ्या सिस्टरबरोबर एक तपासणी मिळून कर. तिचं 5 आणि तुझं 5 एकच आहे ना, ते पेशंटच्या उशाशीच कळतं.

परीक्षेला माझा रिफ्लेक्स तपासायचा हॅमर ने. रबर जरा सैल झालंय, आदल्या दिवशी घट्ट बसवून घे. बाकी भेटीअंती.