बाबांच्या फोनवरचे लोनवाले कॉल : नंबर ब्लॉक करून का थांबत नाहीत

तुमचा प्रॉब्लेम असा दिसतोय की खानापूरकडं असलेल्या बाबांना दिवसभर लोन, प्लॉट आणि इन्शुरन्सवाल्यांचे फोन येतायत, तुम्ही बसून पन्नासेक नंबर ब्लॉक केलात तरी परत नवीन नंबरवरनं चालूच. ते तसंच होणार हो. एक नंबर ब्लॉक केला की दुसरा, त्यांच्याकडं नंबरांना काय तोटा.

आधी काय करू नका ते सांगतो, कारण ह्यात मी स्वतः फसलोय. अनोळखी नंबर सगळे बंद करायचं सेटिंग असतंय ना, ते बाबांच्या फोनला अजिबात लावू नका. मी लावलेलं, रताळ्याचा सीझन, टेम्पोवाला नवीन, त्याचा नंबर सेव्ह नाही, तो बिचारा फाट्यावर उभा राहून फोन लावतोय आणि माझा फोन गप्प. माल दुसऱ्या दिवशी बेळगावच्या यार्डात गेला, तोवर दर उतरलेला. शेतकऱ्याला अनोळखी फोन घ्यावेच लागतात. व्हॉट्सॲपवर मात्र अनोळखी कॉल सायलेंट करायचं प्रायव्हसीमधलं सेटिंग बिनधास्त चालू करा, तिथं टेम्पोवाला येत नाही.

आता खरं काम म्हणजे डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे कॉल-मेसेज नकोत अशी नोंद. बाबांच्याच सिमवरनं १९०९ ला मेसेज टाकायचा, इंग्रजी कॅपिटलमध्ये स्टार्ट, मग जागा सोडून शून्य. नाहीतर १९०९ ला फोन लावा, पण समोरनं कन्नडमध्ये बोलणं सुरू झालं तर घाबरून कट करू नका, भाषा बदलायचा पर्याय असतोय, शांतपणे ऐका. शून्य म्हणजे जाहिराती सगळ्याच बंद. बँकेचा ओटीपी, पैसे जमा झाल्याचा मेसेज येतच राहतोय, त्याची काळजी नको. लगेच फरक पडणार नाही, थोडे दिवस जाऊ द्या.

पण डीएनडी टाकल्यावरही दोन प्रकारचे लोक येतातच. एक, ज्यांना आपणच परवानगी दिलीय, जत्रेतल्या स्टॉलवर लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर नंबर लिहिलेला आठवतोय का, तसले. दुसरे, साध्या दहा आकडी नंबरवरनं फोन करणारे, ह्यांनी टेलिमार्केटर म्हणून नोंदणीच केलेली नसते. नियमाप्रमाणं जाहिरातीचा कॉल १४० नं सुरू होणाऱ्या नंबरवरनं यायला पाहिजे, आणि बँकेचे कामाचे कॉल १६०० वाल्या नंबरवरनं. त्यामुळं साध्या मोबाईल नंबरवरनं "बँकेतून बोलतोय" म्हटलं की बाबांनी सरळ ठेवून द्यायचं, बेडा री (कन्नडमध्ये 'नको हो') म्हणायचीपण गरज नाही (म्हटलं तर पुढच्या वेळी हिंदीत येतात, अनुभव आहे).

ह्या दहा आकडीवाल्यांची नुसतं ब्लॉक न करता तक्रार टाका, सिमच्या कंपनीच्या ॲपमधनं किंवा ट्रायच्या (टेलिफोन कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था) डीएनडी ॲपमधनं. २०२५ च्या बदलानंतर कॉल आल्यापासून ७ दिवसांत तक्रार चालते, आधी ३ च दिवस होते. ब्लॉक केलं तर तुमच्यापुरतं बंद, तक्रारी साठल्या तर त्याचं कनेक्शनच तुटतंय, म्हणून मला हेच पटतं.

मेसेज ओळखायला सोपं झालंय, पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी पी असेल तर जाहिरात, टी म्हणजे व्यवहार, एस सर्व्हिस, जी सरकारी. केवायसी अपडेट करा आणि लिंक दाबा असलं काही साध्या मोबाईल नंबरवरनं आलं तर सरकारच्या संचारसाथी पोर्टलवर चक्षू म्हणून फसवणुकीचे कॉल-मेसेज कळवायची सोय आहे, तिथं कळवा. आणि पैसेच गेले असतील तर चक्षू वगैरे करत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

गूगलचं फोन ॲप असेल तर स्पॅम फिल्टरही चालू करता येतंय, स्पॅम ठरलेल्या कॉलची रिंगच वाजत नाही. पण कधी कधी कुरिअरवाल्यालाच स्पॅम म्हणतंय ते, म्हणून संध्याकाळी एकदा कॉलची यादी बघायला बाबांना शिकवून ठेवा. आणि टेम्पोवाले, दलाल, सोसायटीवाले यांचे नंबर रविवारी घरी गेलात की तेवढे सेव्ह करून द्या.